वाडी आडवी झाली त्यानंतर

दिवेआगरला पाहुणे येतात ते समुद्र बघायला. आमचं गाव वसलंय ते मात्र वाड्यांच्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागांच्या आत. रस्त्याला लागून घर, मागे विहीर, आणि विहिरीपासून थेट सुरूच्या बनापर्यंत पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आणि नारळ. श्रीवर्धन तालुक्यातली ही सुपारी ‘श्रीवर्धनी रोठा’ या नावाने बाजारात ओळखली जाते. फळ मोठं, आत पांढरा गर जास्त. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मला वाडी दाखवायला सकाळचा सगळा वेळ घातला होता. वर नारळ, त्याच्याखाली पोफळ, पोफळीच्या सावलीत जायफळ, खोडावर चढवलेली मिरी, मधल्या जागेत केळी. ‘इथं एकट्या झाडाला काही अर्थ नाही, सगळी एकमेकांच्या सावलीत वाढतात,’ असं ते म्हणाले होते. पोफळ लावल्यावर पहिलं पीक बघायला सहा-सात वर्षं थांबावं लागतं. त्यानंतर ती पुढच्या पिढीलाही देत राहते. आमच्या वाडीतली काही झाडं आबांच्या वडिलांनी लावलेली होती.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा टाळेबंदी चालूच होती. एप्रिल-मेचा पर्यटनाचा हंगाम बुडालेला, पाहुण्यांच्या खोल्या बंद. मुलाची शाळाही बंद होती. दीर-जाऊबाई डोंबिवलीत अडकलेले. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत रिक्षावरचा भोंगा गावात फिरत होता: कच्च्या घरातल्यांनी शाळेत जा, होड्या वर ओढून घ्या, घराबाहेर पडू नका. वादळ येणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण वादळ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे यायचं ते २००९ सालचं फयान. तेव्हा कौलं उडाली होती, थोडी झाडं पडली होती, आठवड्यात गाव सावरलं होतं. सगळ्यांची तयारी त्याच मापाची होती. आम्ही गुरांची दावी सोडली, विहिरीवरचा पंप काढून घरात आणला, पिण्याचं पाणी भरून ठेवलं. वर्षाची बेगमी नुकतीच माळ्यावर चढवली होती: आमसुलं, आंबापोळी, फणसाचे पापड, पोह्याचे पापड, तांदळाच्या गोणी. त्यावर ताडपत्री टाकली.

सकाळपासून पाऊस होता, वाराही होता, पण भलत्याच बाजूने. कोकणातलं घर पावसाळ्याची तयारी करतं ती पश्चिमेकडून. झावळ्यांची झडी लावायची ती त्या बाजूला, पडवी उतरती ठेवायची ती त्या बाजूला. त्या दिवशी वारा पूर्वेकडून, डोंगराकडून येत होता. आबा ओटीवर उभे राहून बराच वेळ पोफळींचे शेंडे बघत होते. शेंडे समुद्राकडे वाकलेले. त्यांनी आत येऊन एवढंच सांगितलं, की सगळ्यांनी माजघरात बसा, माळ्याखाली. शेजारच्या काकी आणि त्यांच्या दोन मुली शाळेत न जाता आमच्याकडेच आल्या होत्या. त्यांनाही आत घेतलं.

साडेअकरानंतर जे सुरू झालं त्याला वारा म्हणवत नाही. हवामान खात्याच्या नोंदीत ताशी ११० ते १२० किलोमीटर असा वेग आहे, आणि वादळ जमिनीवर आलं ती वेळ दुपारी साडेबारा ते अडीच, अलिबागच्या दक्षिणेला, म्हणजे आमच्याच किनारपट्टीवर. आत बसलेल्या माणसाला हा वेग कळतो तो आवाजातून. सलग, जाड आवाज. त्यात मध्येच कौलं सुटण्याचा खडखडाट. ओळीच्या ओळी उचकटत होत्या. मग वाडीतून फटाफट आवाज येऊ लागले आणि आबांनी डोळे मिटून घेतले. प्रत्येक आवाज म्हणजे एक पोफळ हे त्यांना कळत होतं. मला ते नंतर कळलं. माझं सगळं लक्ष दरवाजाकडे होतं. अडसर लावूनही फळ्या आत फुगत होत्या, नवरा आणि आबा आळीपाळीने पाठ लावून उभे राहत होते. आईंनी देवापुढे लावलेला दिवा केव्हाच विझला होता, पण त्यांची रामरक्षा चालू होती. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. मुलाने माझ्या पदरात तोंड खुपसलं होतं.

आणि मग वारा थांबला. अगदी थांबला. पाऊससुद्धा उणावला. काकी उठल्या, घर बघून येते म्हणाल्या. आबांनी त्यांना हात धरून खाली बसवलं. वादळाचा डोळा वगैरे शब्द आमच्या घरात तोवर कुणी वापरले नव्हते. पण पूर्वेकडून आलेलं एवढं मोठं काही असं मध्येच संपत नाही, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. गावात काही माणसं त्या शांततेत बाहेर पडली, छपरावर कौलं सारखी करायला चढली. थोड्या वेळाने वारा आला तो समुद्राकडून, पश्चिमेकडून, आणि पहिल्यापेक्षा जोरात.

पोफळींचा खरा नाश या दुसऱ्या वाऱ्याने केला. पहिल्या वाऱ्याने झाडं एका बाजूला वाकवून मुळं ढिली केली होती. दुसऱ्याने तीच झाडं उलट्या बाजूला फेकली. पोफळीचं खोड बारीक आणि लवचिक, एरवी ती वाऱ्याबरोबर डुलते आणि सावरते. दोन्हीकडून मार बसल्यावर काही मुळासकट गेल्या, काही कमरेत मोडल्या. नारळ जास्त टिकले, त्यांच्या माथ्याच्या चुडत्या पिळवटून निघाल्या. जायफळाची मुळं वरवरची. ती बहुतेक सगळी उपटली.

चारच्या सुमारास मागचं दार उघडलं तर समोर समुद्र. आमच्या मागीलदारातून समुद्र कधीच दिसत नसे, ऐकू यायचा. मध्ये सगळी वाडी होती, वाडीपलीकडे सुरूचं बन होतं. आता दोन्ही आडवी झाली होती. आबा पायरीवर बसले. नवरा विहिरीपर्यंत जायला निघाला, पण पाऊल ठेवायला जमीनच दिसत नव्हती. खोडांवर खोडं, त्यात चुडत्या, त्यात विजेच्या तारा. सुदैवाने घरातल्या कुणालाही लागलं नाही. गाय संध्याकाळी स्वतःहून परत आली. वासरू दुसऱ्या दिवशी सापडलं, जिवंत.

त्या रात्री माजघरातल्या एका कोपऱ्यात आम्ही नऊ माणसं झोपलो, कारण तेवढाच कोरडा होता. माळ्यावरची बेगमी भिजली होती. तांदळाच्या गोणी खाली काढल्या, पण ऊन नव्हतं. चुलीच्या उबेला थोडे थोडे तांदूळ वाळवत आम्ही ते वाचवायला बघत होतो. तरी अर्धे गेले. आमसुलं मात्र टिकली. पुढचे कितीतरी दिवस जेवण म्हणजे भात आणि कोकमाचं सार.

पहिली गरज पैशाची नव्हती. आपण जिवंत आहोत हे डोंबिवलीला कळवायचं होतं. मोबाइलचे मनोरे पडले होते, वीज नव्हती, बोर्लीपंचतनकडचा रस्ता झाडांनी बंद. भाऊजी तिकडे टीव्हीवर आमच्या किनाऱ्याची चित्रं बघत होते आणि फोन लागत नव्हता. शेवटी गावातली चार मुलं झाडं तोडत, चढून, ओलांडून म्हसळ्याच्या बाजूला निघाली. त्यांच्या हाती प्रत्येक घराने चिठ्ठी दिली: नाव, नंबर, ‘सगळे सुखरूप’. रेंज मिळेल तिथे थांबून त्यांनी एकेका नंबरवर फोन लावले. भाऊजींनी तो फोन घेतला आणि त्या अनोळखी पोराशी बोलताना रडले, असं जाऊबाई पुढे सांगत होत्या. त्या मुलांचे उपकार गाव विसरलेलं नाही.

रस्ते मोकळे करायला आपत्ती दलाचे जवान आले, गावोगावचे तरुण कोयते-करवती घेऊन उतरले. विजेचे खांब तर शेकड्यांनी मोडले होते. दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन भर पावसात चिखलात खड्डे खणत होते. त्यांना आम्ही चहा नेऊन द्यायचो, अंतर ठेवून, तोंडाला रुमाल बांधून, कारण करोनाची भीती दोन्ही बाजूंना होती. आमच्या घरात वीज यायला महिना उलटून गेला. वीज नाही म्हणजे पंप नाही, म्हणजे विहिरीतून पाणी दोराने. ज्या घरात रहाट मोडीत काढला होता तिथे तो पुन्हा बसवला गेला. कुणाकडे जनरेटर आला की टाकी भरून घ्यायची, मोबाइल चार्ज करायचे. मदतीच्या गाड्या आल्या त्यात तांदूळ-डाळ होती, मेणबत्त्या होत्या. ताडपत्र्या सगळ्यांना पुरल्या नाहीत. छपराचे पत्रे तर पैसे देऊन मिळेनात. मंगलोरी कौलं हवी होती ती मिळाली नाहीत, आणि मिळाली असती तरी चढवायला माणूस नव्हता. टाळेबंदीत कामगार आपापल्या गावी गेले होते. आमचं अर्धं घर त्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली राहिलं. गणपती त्या वर्षी २२ ऑगस्टला आले, ते ओटीवर न बसता माजघरात बसले.

हे सगळं सोसता आलं, कारण ते सगळ्या गावाचं होतं आणि त्याला शेवट दिसत होता. वाडीचं तसं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात उरलेली झाडंही तपकिरी दिसायला लागली. समुद्राकडच्या वाऱ्याने खारं पाणी उडवलं होतं, त्याने पानं करपली. आम्हाला वाटलं पाऊस धुऊन काढेल, आणि पुष्कळ झाडांना नवी पानं फुटलीही. पण ऑक्टोबरचं ऊन आलं आणि उभ्या राहिलेल्या पोफळी एकेक करून मरायला लागल्या. पोफळीच्या खोडाला पश्चिमेचं थेट ऊन सोसत नाही. साल भाजते, चिरते, मग खोड आत कुजतं. इतकी वर्षं बाजूची झाडं तिला झाकत होती. वादळातून वाचलेली झाडं सावलीवाचून गेली, आणि हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात नाही, कारण पंचनामे जून-जुलैत झाले. काही खोडांना आम्ही सुकलेल्या झावळ्या गुंडाळल्या, थोडी वाचली.

पंचनाम्याबद्दल सविस्तर सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त घरं अडली. सरकारने मदतीचे दर वाढवले होते. बागायतीला हेक्टरी १८ हजार मिळायचे ते ५० हजार केले, कमाल दोन हेक्टरांपर्यंत. पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० ऐवजी दीड लाख. आकडे ऐकायला मोठे वाटतात. पण आमच्याकडे हेक्टराने वाडी कुणाची असते? गुंठ्यांचा हिशेब. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५००. वीस गुंठ्यांची वाडी, तीन पिढ्यांची झाडं, त्याचे दहा हजार. आडवी झालेली झाडं कापून बाहेर काढायलाच त्याहून जास्त लागत होते. गावोगावच्या बागायतदारांनी हे पुन्हा पुन्हा मांडलं, आणि पुढे झाडामागे मदत द्यायचं ठरलं, सुपारीला ५० रुपये आणि नारळाला २५०. त्याने थोडा फरक पडला.

दुसरा अडथळा सातबाऱ्याचा. वाडीच्या उताऱ्यावर आबा, त्यांचे भाऊ, गेलेल्या भावांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या आत्या, अशी नावांची रांग. माणसं डोंबिवली, ठाणे, पुणे, एक नागपूरला. पैसे एका खात्यात यायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. एसटी बंद, जिल्ह्याच्या हद्दी ओलांडायला पास. नवऱ्याने मोबाइलला रेंज मिळेल त्या चढावर उभं राहून एकेका चुलत भावाला फोन केले. कुणी कागदावर सही करून फोटो पाठवला, तर मूळ प्रत लागते म्हणून तो परत आला. घरात भांडण नव्हतं, सगळे द्यायला तयार होते, तरी ते कागद जुळायला दिवाळी आली. ज्या घरांत बोलणंच बंद आहे, त्यांची मदत तशीच पडून राहिली. कष्ट करणारं माणूस वाडीत आणि नाव कागदावर भलत्याचंच, ही कोकणातली जुनी दुखणी वादळाने उघड्यावर आणली. याबद्दल मला आजही राग आहे आणि तो मी लपवत नाही.

झाडं कापण्याचं काम पावसात चाललं. वाकून अडकलेलं खोड कापताना ताण सुटून ते उसळतं आणि माणसाच्या छातीवर येतं. त्यामुळे आधी शेंडा मोकळा करायचा, मग बुंधा, आणि उभं राहायचं ते नेहमी वाकाच्या आतल्या बाजूला. हे आबा प्रत्येक नव्या गड्याला सांगत बसायचे. एरवी पोफळीचं खोड कामाचं असतं. वासे होतात, चिरून पन्हळी होतात, कुंपण होतं. पण सगळ्या गावात खोडांचे ढीग पडल्यावर घेणार कोण? आम्ही चर खणून त्यात बरीचशी पुरली, खत होईल म्हणून. नारळाची खोडं मात्र ज्यांच्या वाडीत उघड्यावर कुजत पडली, तिथे पुढच्या वर्षी गेंड्या भुंगा वाढला. तो कुजक्या ओंडक्यात अंडी घालतो आणि मग उभ्या नारळाचा कोंब पोखरतो. वादळातून वाचलेल्या नारळांच्या माथ्यात वाळू आणि डांबराच्या गोळ्या घालत आम्ही ते वर्ष काढलं.

त्या हिवाळ्यात घरात एक बोलणं सुरू झालं. नवऱ्याचं म्हणणं, अर्ध्या जागेत दोन खोल्या आणि गाड्या लावायला मोकळी जागा करू. पर्यटक परत येतील तेव्हा पैसे लगेच सुरू होतील, पोफळ सात वर्षांनी देणार. तो चुकीचं बोलत नव्हता. मुलाचं शिक्षण समोर होतं, कर्ज होतं. जमिनीचे गिऱ्हाईकही फिरत होते, मोकळी झालेली वाडी बघून भाव विचारत. आबा त्यावर काही बोलायचे नाहीत. ते रोज सकाळी खुरपं घेऊन वाडीत जायचे आणि काढून टाकलेल्या खोडांखाली, पडलेल्या सुपारीतून उगवलेली रोपं शोधून पिशवीत लावायचे. रोठ्याची चांगली रोपं तेव्हा कुठेच मिळत नव्हती. सगळ्या तालुक्याला एकदमच हवी होती. श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रापासून खासगी रोपवाटिकांपर्यंत सगळीकडे मागणी. आबांच्या पिशव्या विहिरीच्या कडेला वाढत गेल्या. एक दिवस नवऱ्याने न बोलता त्यांच्यावर झावळ्यांचा मांडव घातला, आणि खोल्यांचा विषय तिथे संपला.

लावणी आम्ही २०२१ च्या पावसाळ्यात केली. त्याआधी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याजवळून गेलं. जमिनीवर ते गुजरातेत शिरलं, पण त्या रात्री आमच्या घरात कुणी झोपलं नाही. वारा सुरू होताच मुलगा माजघरात जाऊन बसला आणि सकाळ होईपर्यंत हलला नाही. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. नवं बसवलेलं छप्पर टिकलं. पिशवीतली रोपं आम्ही आदल्या दिवशीच घरात आणली होती, एका खोलीत माणसं आणि एका खोलीत पोफळी.

या वेळी लावताना आम्ही काही गोष्टी बदलल्या. आधी केळी लावल्या, त्या वर आल्यावर त्यांच्या सावलीत पोफळी, नऊ-नऊ फुटांवर, जुन्या दाटीपेक्षा मोकळ्या. पश्चिमेच्या रांगेला दुप्पट केळी. जायफळाची घाई केली नाही, पोफळी छप्पर धरतील तेव्हाच ती. आबांचा आग्रह होता की सगळी झाडं एका वर्षी लावायची नाहीत, म्हणजे वाडीत पुन्हा सगळ्या वयाची झाडं होतील. त्यामुळे दरवर्षी थोडी थोडी भर घालतो आहोत. त्यांच्याकडून आता वाकवत नाही, पण पिशव्या भरायचं काम त्यांनी कुणाला दिलेलं नाही.

कागदाचंही काम हाती घेतलं. झाडांची नोंद पीक पाहणीत आता दरवर्षी मोबाइलवरून करतो, झाडं मोजून, फोटो काढून. सामाईक सातबारा फोडायचा म्हणून सगळ्या चुलत्यांशी बोलणं झालंय. नागपूरच्या आत्यांनी हक्कसोड करून द्यायचं कबूल केलंय. ज्यांच्या उताऱ्यावर अजून पंधरा-वीस नावं आहेत त्यांनी हे शांत वर्षातच उरकावं, एवढी विनंती मी भेटेल त्याला करते. मे महिन्यात भाऊजी-जाऊबाई येणार आहेत, मोजणीची तारीख तेव्हाचीच मागितली आहे. आणि ती माणसं घरात असतानाच, मोजणी झालेल्या पश्चिमेच्या बांधावर, वारा अडवायला, उंडीच्या झाडांची रांग लावून घ्यायची आहे. खड्डे नवऱ्याने आणि मुलाने खणून ठेवलेत.